न थांबणाऱ्या ब्लोअरच्या बाजूने

प्रथम तारखा आणि जबाबदार व्यक्ती. माझ्या पत्रांची सवय असलेल्यांना ही पद्धत ठाऊक आहे. इतरांनी थोडा धीर धरावा.

गेल्या वर्षीचा दसरा: ओजिमातील आपल्या मराठी वर्गाच्या खोलीत सोलापुरी सतरंजीचे ‘लोकार्पण’. जबाबदार: मंडळाचे अध्यक्ष श्री. अमेय दातार आणि टाळ्या वाजवणारे सर्वजण.

थंडी पडल्यानंतरचा पहिला शनिवार: खोली गरम होत नाही आणि हीटरचा ब्लोअर बंद होत नाही, अशी तक्रार. जबाबदार: अद्याप कोणीही पुढे आलेले नाही.

त्याच आठवड्यात, न जळणारा कचरा उचलायला गाडी येते तो वार: कार्यकारिणीने मोबाइलच्या ग्रुपवर, अंगठ्यांच्या बहुमताने, सदर यंत्र ‘जुने आणि मुलांच्या जिवाला धोकादायक’ असल्याचा निर्णय दिला आणि तसे पत्र, मंडळाचा शिक्का मारून, घरमालकीण नोगुची-सान यांना पाठवले. यंत्र कोणीही उघडून पाहिले नव्हते. जबाबदार: अंगठे.

नाताळच्या आधीचा शनिवार: वयाची ऐंशी ओलांडलेल्या नोगुची-सान वर्गात आल्या, गुडघे मोडून जमिनीवर बसल्या आणि कपाळ टेकवून त्यांनी माफी मागितली. कार्यकारिणीने ती माफी स्वीकारली. जबाबदार: कार्यकारिणी, एकूण एक. हा लेख मी या शेवटच्या नोंदीसाठी लिहीत आहे.

संपादकांनी दिवाळी अंकासाठी माझ्याकडे ‘जपानमधील नोकरीच्या गमतीदार आठवणी’ मागितल्या होत्या. नोकरी यात आहे. गंमत कितपत आहे, ते वाचकांनी ठरवावे.

पुण्यात यंत्रविद्येची पदविका घेऊन मी तरुणपणी या देशात आलो आणि निवृत्त होईपर्यंत कावासाकीच्या एका कंपनीत घरगुती हीटर दुरुस्त करत राहिलो. आजच्या पिढीला हीटर म्हणजे भिंतीवरचा एसी, ज्याच्या रिमोटवर सूर्याचे चित्र असते. माझे आयुष्य ज्या यंत्रांबरोबर गेले ती वेगळी होती. जिन्याखालच्या कपाटात माणसाएवढी लोखंडी पेटी. तिच्या तळाशी बर्नर. तो रॉकेलवर जळतो. त्याच्या वर एक बंद कोठी, ती तापते. आणि शेजारी ब्लोअर, म्हणजे एक दणकट पंखा. तो खोलीतली गार हवा ओढून तापलेल्या कोठीवरून ढकलतो आणि जमिनीखालच्या पत्र्याच्या नळांतून घरभर पाठवतो. जमिनीत ठिकठिकाणी लोखंडी जाळ्या बसवलेल्या असतात आणि त्यांतून ऊब वर येते. एके काळी हौशी लोकांनी घर बांधताना अशी यंत्रे बसवून घेतली. आता ती मोजक्या घरांत उरली आहेत, आणि ती उघडू शकणारी माणसे त्याहून मोजकी. माझ्यामागे माझ्या कंपनीने हे काम शिकायला कोणालाही ठेवले नाही, याचे मला दुःख आहे. पण तो या तक्रारीचा भाग नाही.

बाहेरच्या माणसाला एक गोष्ट ठाऊक नसते. बर्नर विझला तरी ब्लोअर लगेच थांबत नाही, आणि थांबूही नये. कोठी अजून तापलेली असते. तिच्यातली उष्णता निघून जाईपर्यंत त्याला फिरावेच लागते. हे सारे ठरवायला कोठीच्या अंगाशी धातूच्या पट्टीची एक गुंडाळी बसवलेली असते. तापली की तिचा पीळ एकीकडे फिरतो, निवली की दुसरीकडे, आणि त्या फिरण्यातून ती तीन हुकूम देते. कोठी तापली, ब्लोअर चालू. कोठी निवली, ब्लोअर बंद. तिसरा हुकूम आणीबाणीचा: कोठी प्रमाणाबाहेर तापली तर बर्नर ताबडतोब बंद, ब्लोअर मात्र चालूच. हा तिसरा हुकूम वाचकांनी ध्यानात ठेवावा. सारा खटला त्याच्यावर उभा आहे.

‘ब्लोअर थांबत नाही’ ही आमच्या धंद्यातली सगळ्यात नेहमीची तक्रार, आणि माझ्या मते सगळ्यात अन्यायाची. माझ्या अनुभवात न थांबणारा ब्लोअर वेडा झालेला क्वचितच सापडला. बहुतेक वेळा कोणीतरी त्याला थांबू देत नसे.

नागोयाचे एक उदाहरण देतो. तिथे आमची शाखा होती आणि हिवाळ्यात मला तिकडे धाडत. एक गृहस्थ मोटारींच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते. मी बूट काढून आत पाऊल ठेवतो तोच त्यांनी निदान सांगितले, “रिले चिकटला आहे. बदला.” रिले म्हणजे ब्लोअरला वीज देणारा छोटा खटका. मी तपासला. चिकटलेला नव्हता.

“बदला,” ते म्हणाले.

बदलला. ब्लोअर फिरतच राहिला.

“तुमचा नवा रिलेसुद्धा चिकटला आहे,” ते म्हणाले.

तेव्हा मी त्यांची परवानगी न घेता गुंडाळीवरचे झाकण काढले. आत एक तबकडी असते आणि तिच्यावर काटे. ब्लोअर कधी थांबावा हे ठरवणारा काटा कोणीतरी ओढून पार तळाला नेला होता. कोठी जेवढी निवल्यावर ब्लोअर थांबणार, तेवढी गार त्या घरातली खोलीसुद्धा नव्हती. बिचारा ब्लोअर जन्मभर फिरला असता.

“याला कोणी हात लावला होता का?” मी अदबीने विचारले.

ते खिडकीबाहेर पाहू लागले. “उष्णता वाया जात होती,” ते म्हणाले. “शेवटचा अंश खोलीत यायला हवा.”

मी काटा जागेवर आणला. ब्लोअर थांबला. गृहस्थांनी चहाही विचारला नाही. पण दुसऱ्या दिवशी शाखेत एक लाकडी पेटी आली. आत गवतावर ठेवलेले एकुलते एक खरबूज. चिठ्ठी नाही, नाव नाही. माझे वरिष्ठ कुरोदा-सान यांनी पेटी पाहिली आणि म्हणाले, “निमकर, ही माफी आहे. कापा.” या देशात माफीला वजन असते, वेष्टन असते, आणि ती ठरलेल्या मुदतीत पोचवावी लागते, हे मी त्या दिवशी शिकलो. त्या गृहस्थांनी तोंडाने काहीही कबूल केले नाही. पण खरबूज धाडले. आपल्या कार्यकारिणीने अद्याप द्राक्षसुद्धा धाडलेले नाही.

कुरोदा-सान यांच्याकडून मी आणखी एक गोष्ट शिकलो. यंत्र तपासताना प्रत्येक भागाकडे बोट दाखवायचे आणि मोठ्याने त्याचे नाव घ्यायचे. “ब्रेकर, योशि! थर्मोस्टॅट, योशि!” योशि म्हणजे ठीक. स्टेशनवर गाडी सुटताना गार्ड हेच करतो. सुरुवातीला परक्याच्या स्वयंपाकघरात उभे राहून बोट दाखवत ओरडायची मला लाज वाटे. कुरोदा-सान म्हणत, “ज्याच्याकडे बोट दाखवता येत नाही, ते तपासलं असं म्हणायचं नाही.” ही सवय मला इतकी जडली की आजही बाहेर पडताना मी गॅसकडे बोट दाखवून ओरडतो. आमच्या सौभाग्यवती म्हणतात, “गॅसला ऐकू येतं हो, सावकाश सांगा.”

आता मूळ प्रकरण.

नोगुची-सान यांचे जुने घर आणि त्याला लागून त्यांचे राहते छोटे घर. जुन्या घराची तळमजल्याची मोठी खोली त्यांनी अनेक वर्षे आपल्या मंडळाला शनिवारच्या मराठी वर्गासाठी आणि सणावारी वापरायला दिली आहे. मुले तिथे बाराखडी म्हणतात आणि मधल्या सुट्टीत जपानीत भांडतात. जिन्याखालच्या कपाटात वर वर्णन केलेल्यांपैकी एक यंत्र आहे.

गेल्या दसऱ्याला अध्यक्षांचे सासरे श्री. माणिकराव लोंढे यांनी सोलापूरहून त्या खोलीसाठी खास विणून घेतलेली सतरंजी पाठवली. भिंतीपासून भिंतीपर्यंत. मधोमध मोठ्या अक्षरांत ‘सप्रेम भेट: श्री. माणिकराव लोंढे, सोलापूर’. मुले अडखळू नयेत म्हणून कडा दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने जमिनीला डकवल्या. समारंभाला नोगुची-सान होत्या. त्या सतरंजीकडे बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “फार मोठी आहे, नाही? जमीन कुठेच दिसत नाही.”

अध्यक्षांनी कमरेत वाकून आभार मानले. फोटो निघाले.

थंडी सुरू झाली आणि तक्रारीही. त्या सुमारास आम्ही उभयता भाच्याच्या लग्नासाठी पुण्याला गेलो होतो. परतलो तेव्हा संक्रांत आली होती. सौभाग्यवती तिळगुळाचा डबा घेऊन नोगुची-सान यांच्याकडे गेल्या आणि आल्या त्या चपला न काढताच बोलू लागल्या.

“तुमच्या मंडळींनी काय केलंय माहीत आहे? त्या माउलीला जमिनीवर डोकं टेकायला लावलंय.”

“कोणी लावलं?”

“लावलं म्हणजे पत्र धाडलं. तुमचं यंत्र मुलांना मारेल म्हणून. ती बाई आवाजाबद्दल शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे बिस्किटांचे डबे घेऊन हिंडली, दारोदार वाकली, मग वर्गात येऊन सगळ्यांसमोर वाकली. आणि तुमचे अध्यक्ष म्हणाले, इट्स ओके.”

मी तत्काळ अध्यक्षांना फोन केला. अमेय दातार सज्जन तरुण आहेत, कावासाकीला एका संगणक कंपनीत बड्या प्रकल्पाचे प्रमुख आहेत, मला काका म्हणतात. हे मी त्यांच्या बाजूने नमूद करतो.

“अहो काका, वेलकम बॅक! लग्न कसं झालं?”

“यंत्र कोणी तपासलं?”

“कुठलं? अच्छा, ते. काका, फुल अ‍ॅनालिसिस केलं आम्ही. ऑफ करून ऑन केलं, तीनदा. इश्यू रिप्रोड्यूस होतोय. थर्मोस्टॅट बंद केला तरी ब्लोअर चालूच, पहिल्या शनिवारी तर रात्रभर. मग वर्कअराउंड काढला, क्लास संपला की डायरेक्ट ब्रेकर पाडायचा. दारावर नोटीस लावलीये.”

“ब्रेकर? कोठी तापलेली असताना?”

“काका, पंखाच आहे ना तो.”

“मी या शहरात राहतो. मी आयुष्यभर हेच यंत्र दुरुस्त केलं. पुण्यात फोन लागतो. मला एका शब्दाने विचारायला काय झालं होतं?”

“तुम्हाला कशाला त्रास, काका? यू आर रिटायर्ड.”

मी कायद्याचा पदवीधर नाही, पण आरोपीची बाजू ऐकल्याशिवाय निकाल देता येत नाही एवढे मला समजते. इथे आरोपीने तोंड उघडलेले नव्हते, कारण त्याचे झाकणच कोणी उघडले नव्हते. मी त्याच रात्री कार्यकारिणीला पत्र लिहून तपासणीची परवानगी मागितली. उत्तरादाखल एक अंगठा आला. तो मी परवानगी धरला.

पुढच्या शनिवारी मी माझी जुनी हत्यारे घेऊन वर्गात गेलो. वर्ग घेणाऱ्या सुजाताताई एका कोम्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, अर्धवेळ काम करतात आणि शनिवारची सकाळ मुलांना देतात. मुले कोट घालून बसली होती. सुजाताताई मात्र खोलीच्या मधोमध, निवांत, बिनकोटाच्या.

“ताई, तुम्हाला थंडी नाही वाजत?”

“ही माझी ठरलेली जागा आहे, काका. इथे पाठ छान शेकते. मुलं टपून असतात, मी उठले की बसायला.”

मी ते ऐकले, पण मनावर घेतले नाही. आमच्या धंद्यात साक्षीदार बोलून जातो आणि आपण यंत्राकडे पाहत असतो.

ब्रेकर चढवला, खोलीची ऊब मोजून बर्नरला हुकूम देणारा थर्मोस्टॅट लावला आणि बोट दाखवायला सुरुवात केली. “ब्रेकर, योशि!” मुलांनी माना वर केल्या. “थर्मोस्टॅट...” मी म्हणालो, आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडला, “योशि!” ही मुले रोज स्टेशनवर हेच ऐकतात, मला शिकवावे लागले नाही. सुजाताताईंनी बाराखडी गुंडाळून ठेवली. रिले, योशि. रॉकेलची नळी, योशि. फिल्टर ओढून काढला: धुतलेला, उन्हात वाळवलेला, कोपऱ्यात धुळीचा कण नाही. नोगुची-सान तो दर महिन्याला स्वतः धुतात. “फिल्टर, योशि!” कोठीत आरसा आणि विजेरी घालून पाहिले. ब्रेकरच्या ‘वर्कअराउंड’ने तडा गेला असेल अशी भीती होती. नव्हता. यंत्र आपल्यापेक्षा सहनशील निघाले.

बर्नर पेटला. ब्लोअर फिरू लागला. थोड्याच वेळात बर्नर आपोआप विझला. खोली थंडगारच. ब्लोअर चालू. काही वेळाने पुन्हा बर्नर पेटला, पुन्हा विझला. ब्लोअर चालूच. हा तिसरा हुकूम होता. कोठी प्रमाणाबाहेर तापत होती, कारण तिची उष्णता कुठेच जात नव्हती. खोली गार, म्हणून थर्मोस्टॅट पुन्हा पुन्हा ‘पेटव’ म्हणत होता. कोठी तापलेली, म्हणून गुंडाळी पुन्हा पुन्हा ‘विझव’ म्हणत होती. आणि या दोघांच्या भांडणात ब्लोअर बिचारा अहोरात्र राबत होता.

मग यादीतले शेवटचे नाव राहिले. मी खोलीच्या मधोमध आलो, हात लांब केला, जमिनीकडे बोट दाखवले आणि म्हणालो, “जाळी...”

बोट ‘माणिकराव’ या अक्षरांवर थांबले होते.

कोणी योशि म्हणाले नाही. ज्याच्याकडे बोट दाखवायचे ते दिसतच नव्हते. मी सुजाताताईंकडे पाहिले. त्यांनी आपल्या ठरलेल्या जागेकडे पाहिले. तिथे सतरंजी जमिनीपासून किंचित वर उचलली गेली होती, तळताना पुरी फुगायला लागते तशी.

“अगं बाई,” सुजाताताई म्हणाल्या. “मी इतके दिवस हीटरवर बसले होते.”

मी टेप उपटला. मुलांनी सतरंजी चारी बाजूंनी धरली आणि गुंडाळत नेली. एकामागून एक जाळ्या उघड्या पडल्या आणि गरम हवेचा लोट असा वर आला की फळ्याजवळचे कागद उडाले. मुलांनी कोट काढले. थोड्या वेळाने थर्मोस्टॅटचा बारीक टिक् असा आवाज आला, बर्नर विझला, ब्लोअर आणखी जरा वेळ, जेवढा फिरायला हवा तेवढाच फिरला, आणि थांबला. त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच त्या खोलीत भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू आला. एक मुलगी हळूच म्हणाली, “तोमात्ता.” थांबला.

एवढा वेळ आपण ज्याला बिघाड म्हणत होतो, तो त्या यंत्राचा शहाणपणा होता. ते स्वतःला आणि वर बसलेल्या आपल्या मुलांना वाचवण्यासाठी फिरत होते. आणि वर्ग संपला की आपण, दारावर नोटीस लावून, नेमका त्याच वेळी त्याचा गळा दाबत होतो. त्या खोलीत धोकादायक काही होते तर ती नोटीस.

अध्यक्ष वर्ग सुटायच्या सुमारास आले. हसतमुख.

“काका, सुपर्ब! फिक्स केलंत!”

“मी काहीही फिक्स केलेलं नाही. काही बिघडलेलंच नव्हतं.”

“तेच ते, काका. एंड रिझल्ट सेम.”

“सेम नाही. बिघडलं नव्हतं, तर पत्र खोटं आहे. पत्र खोटं आहे, तर नोगुची-सान यांनी माफी का मागितली? आणि आपण ती घेतली कशी?”

ते गुंडाळलेल्या सतरंजीकडे पाहत होते. “काका, ही अशी ठेवू नका ना. मार्चमध्ये सासरे येतायत. खास ही बघायला.”

“जाळ्यांपुरते चौकोन कापा.”

“पाहिलं मी. एक चौकोन बरोबर नावावर येतोय.”

“मग नाव कापा.”

“काका, तुम्हाला सासरे होते ना?” ते कळवळून म्हणाले.

मी या प्रश्नाचा आदर करतो. पण याच प्रश्नाच्या आड एक संपूर्ण संस्था गेले कित्येक महिने लपून बसली आहे, हेही नमूद करतो. त्या संध्याकाळी ग्रुपवर मजकूर आला: ‘निमकर काकांनी मशीन रिपेअर केले. थँक्यू काका!’ त्याखाली हात जोडलेले, टाळ्या, फुले. म्हणजे यंत्र बिघडले होते हे पुन्हा एकदा, माझ्याच नावाने, सिद्ध झाले. मी आयुष्यात अनेक खोटी बिले पाहिली. पण जे काम मी केलेच नाही, त्याचे श्रेय देऊन मला साक्षीदार म्हणून फोडण्याचा हा पहिलाच प्रसंग.

दुसऱ्या दिवशी मी आणि सौभाग्यवती नोगुची-सान यांच्याकडे गेलो. मी सारे समजावून सांगितले: यंत्र निर्दोष आहे, जाळ्या झाकल्या गेल्या होत्या, दोष आमचा. त्यांनी चहा ओतला आणि शांतपणे म्हणाल्या, “हो. ठाऊक होतं.”

“ठाऊक होतं?”

“माझी जमीन आहे, निमकर-सान. जाळ्या कुठे आहेत, ते मला अंधारातसुद्धा सांगता येईल. म्हणून तर मी म्हणाले, फार मोठी आहे, जमीन दिसत नाही.”

या देशात एवढी वर्षे काढलेल्या माणसाला त्या वाक्याचा अर्थ तत्क्षणी कळायला हवा होता. समारंभाला मी हजर नव्हतो, हे माझे सुदैव. जे हजर होते त्यांनी त्या वाक्याचे आभार मानले.

“मग तुम्ही माफी का मागितली?” सौभाग्यवतींनी विचारले.

“पाहुणे थंडीत बसले. शेजाऱ्यांची झोप गेली. घर माझं आहे. आणि सतरंजी तर कुणाच्या तरी वडिलांनी प्रेमाने पाठवलेली. मी काय म्हणणार होते?” मग त्यांनी कपाटातून मंडळाचे पत्र काढून टेबलावर ठेवले. “पण हे आलं आहे. यात लिहिलं आहे, मुलांच्या जिवाला धोका. खाली शिक्का आहे. तुम्ही सांगता ते खरं आहे, मलाही माहीत आहे. पण तुम्ही बोलता आहात, निमकर-सान, आणि हे लिहिलेलं आहे. उद्या एखादं मूल नुसतं पडलं, तरी हा कागद माझ्याकडे आलेला होता. हा असताना मी तुमची मुलं त्या खोलीत कशी बसवू? या वर्षअखेरपर्यंत थांबते. मग यंत्र काढून टाकेन आणि खोली बंद करेन.”

मला त्यांच्याशी वाद घालता आला नाही. एक म्हणजे त्यांचा युक्तिवाद बिनतोड होता. दुसरे म्हणजे, लिहिलेल्या शब्दाला इतकी किंमत देणारी व्यक्ती मला प्रथमच भेटली होती. परत येताना सौभाग्यवती म्हणाल्या, “बघा. जन्मभर पत्रं लिहिलीत. ज्यांना वाचता येतात त्यांना लिहायला हवी होतीत.”

त्यानंतर मी कार्यकारिणीस वसंत ऋतूत, पावसाळ्यात आणि गणपतीच्या आधी पत्रे लिहिली. मागणी प्रत्येक वेळी एकच: मूळ पत्र लेखी मागे घ्या. उत्तरे अनुक्रमे अशी: ‘नोटेड, काका’, ‘पुढच्या मीटिंगला घेऊ’, आणि एक अंगठा. श्री. माणिकराव लोंढे मार्चमध्ये येऊन गेले. त्या शनिवारी सतरंजी पुन्हा अंथरली होती, थर्मोस्टॅट बंद होता आणि मुले कोट घालून बसली होती. सासऱ्यांना फोटो फार आवडले.

मागच्या आठवड्यात मी नोगुची-सान यांच्याकडे गेलो होतो. जिन्याखालच्या कपाटाचे दार उघडे होते. यंत्राच्या पत्र्यावर, मोठा कचरा गाडीने उचलून न्यावा म्हणून लावतात तो कागद चिकटवलेला होता आणि वर्षअखेरीची तारीख घातली होती. फिल्टर मात्र बाहेर उन्हात वाळत होता. त्यांनी तो या महिन्यातही धुतला होता.

सबब, या अंकाच्या माध्यमातून, सर्व वर्गणीदारांसमक्ष, मी अध्यक्ष श्री. अमेय दातार आणि कार्यकारिणीच्या प्रत्येक सदस्याकडे जाहीर उत्तर मागतो. सदर यंत्र धोकादायक आहे हे कोणी, कधी आणि कशावरून ठरवले, हे सांगावे. ते पत्र त्याच शिक्क्यानिशी लेखी मागे घ्यावे, यंत्र कचऱ्याच्या गाडीत चढण्यापूर्वी. आणि ज्या खोलीत, ज्या जाळीवरच्या सतरंजीवर त्या वृद्ध बाईंनी कपाळ टेकवले, तिथे सतरंजी गुंडाळून, उघड्या जमिनीवर गुडघे मोडून बसावे आणि नाताळाआधी आपण जी माफी त्यांच्याकडून घेतली, ती त्यांना परत करावी. ती आपली नव्हती.

उत्तर कागदावर, सहीनिशी असावे. अंगठा हे उत्तर धरले जाणार नाही.